ओव्हरस्कॅन

दूरचित्रवाणी ग्राहीच्या पडद्यावर मावेल त्यापेक्षा किंचित मोठे चित्र रेखाटून त्याच्या चारही कडा चौकटीआड घालविण्याची पद्धती. ऋण किरण नलिकेच्या काळात ती जगभर रूढ होती. चित्राचा प्रत्येक बाजूचा सामान्यतः पाच टक्क्यांच्या आसपासचा भाग प्रेक्षकाला दिसत नसे. जुन्या ग्राहीत हे प्रमाण याहूनही जास्त असे. घरगुती चित्रफिती संगणकाच्या साहाय्याने तबकडीवर उतरविण्याचा प्रघात पडेपर्यंत या हानीकडे सामान्य प्रेक्षकाचे लक्ष क्वचितच गेले.

इलेक्ट्रॉन शलाका पडद्यावर ओळीमागून ओळ फिरवून चित्र रेखाटण्याच्या क्रियेस क्रमवीक्षण म्हणतात. शलाकेची झेप विद्युत् दाबावर अवलंबून असल्याने चित्राचा आकार स्थिर राहत नाही. मुख्य पुरवठ्याचा दाब उतरला की विचलन दुबळे होऊन चित्र आक्रसते. उलट, पडद्यावर अतिशय उजळ दृश्य आले की शलाकेतील प्रवाह वाढून नलिकेचा उच्च दाब ढासळतो, इलेक्ट्रॉन मंदावल्याने अधिक वळतात आणि चित्र फुगते. घटक जुने झाल्यानेही असेच फरक पडतात. शिवाय प्रारंभीच्या नलिकांचे तोंड वर्तुळाकार असे आणि आयताकृती नलिका आल्यानंतरही त्यांचे कोपरे दीर्घकाळ गोलसर राहिले. पडद्याच्या कडेला काळी पट्टी दिसण्यापेक्षा चित्राची थोडी कड गमावलेली बरी, असा व्यवहारी निर्णय निर्मात्यांनी घेतला, आणि त्या परिस्थितीत तो योग्यच होता.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्वीकृत पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी असून त्यांपैकी सु. ५७५ दृश्य असतात. संध्याकाळी, म्हणजे नेमक्या कार्यक्रमांच्या वेळी, वीज पुरवठ्याचा दाब उतरणे हा महाराष्ट्रातील अनेक गावांचा नित्याचा अनुभव होता. ग्राहीशेजारी ठेवलेला स्टॅबिलायझर ही त्या काळातील दिवाणखान्याची ओळखच बनली होती. अशा ठिकाणी ओव्हरस्कॅनचे संरक्षण विशेष उपयोगी पडले.

कार्यक्रम निर्मात्यांना ही गोष्ट ठाऊक असे. महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या ९० टक्के रुंदी-उंचीत आणि अक्षरे मधल्या ८० टक्क्यांत ठेवावीत, असा संकेत त्यांच्यात रूढ झाला. देवनागरी लिपीत याला आणखी एक कारण आहे. तिच्या मात्रा, वेलांट्या व अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात. वरची कड कापली गेली, तर अक्षर अर्धवट दिसत नाही, ते दुसरेच वाचले जाते. लग्नाच्या चित्रफितीवर हौसेने अगदी वर किंवा अगदी खाली नावे घालणाऱ्यांना हा संकेत सहसा माहीत नसे.

रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले आणि त्याच सुमारास घरगुती व्हिडिओ यंत्रे शहरांत पसरू लागली. लग्न, मुंज, बारसे यांच्या ‘कॅसेट’ घरोघरी जमल्या. पुढे व्हिडिओ सीडी (१९९३) आणि डीव्हीडी (१९९६) या तबकड्या आल्या, लेखनयंत्रे स्वस्त झाली, आणि सु. २००० नंतर फिती तबकडीवर उतरविण्याचे काम घरी व गल्लीतील दुकानांत होऊ लागले. संगणकाचा पडदा संपूर्ण चौकट दाखवितो. त्यावर नीट पाहून, नावे घालून तयार केलेली तबकडी ग्राहीवर लावली की वरच्या नावाच्या मात्रा नाहीशा होत, कोपऱ्यातील तारीख अर्धी होई, रांगेच्या टोकाला उभे असलेले नातेवाईक चित्राबाहेर जात. तबकडीत दोष नाही हे पटायला वेळ लागे.

यावर दोन उपाय होते. ग्राहीच्या आतील नियंत्रणे फिरवून उंची-रुंदी कमी करणे हा पहिला. परंतु आतील उच्च दाबामुळे तो जाणकाराचे काम होता. दुसरा उपाय संगणकावर करता येई : चित्र थोडे लहान करून भोवती काळी किनार घालावयाची, म्हणजे कापली जाते ती किनार. व्हिडिओ सीडीची चौकट ३५२ × २८८ बिंदूंची असते आणि तिचे संक्षेपण १६ × १६ बिंदूंच्या ठोकळ्यांत होते. प्रत्येक बाजूस एक ठोकळा सोडला की ३२० × २५६ बिंदूंचे चित्र उरते. किनार रुंदीत प्रत्येकी ४·५ टक्के आणि उंचीत ५·६ टक्के होते. ठोकळ्याच्या सीमेवरच किनार संपत असल्याने तिला माहिती जवळजवळ लागत नाही आणि वाचलेली क्षमता मूळ चित्रास मिळते. डीव्हीडीच्या ७२० × ५७६ बिंदूंत दोन-दोन ठोकळे सोडून ६५६ × ५१२ बिंदूंचे चित्र बसवीत. मात्र फितीवरील चित्र सम व विषम ओळींच्या दोन अर्धचित्रांत विभागलेले असल्याने ती वेगळी करून लहान करावी लागत. अन्यथा हालणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते येत.

उपाय नेटका होता, पण तो एका विशिष्ट नलिकेसाठी होता. सपाट पडदे प्रचलित झाल्यावर त्याच तबकड्यांतील चित्र काळ्या चौकटीत अडकलेले दिसू लागले. लहान करताना गेलेले तपशील मोठे करून परत मिळत नाहीत, आणि अनेक घरांत मूळ फीत तोवर बुरशीने खराब झालेली किंवा टाकून दिलेली असे. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबविले. त्यानंतर फिती वाचणारी यंत्रे जुन्या साठ्यातूनच मिळवावी लागतात. म्हणून फीत उतरविताना संपूर्ण चौकट जशीच्या तशी एका प्रतीत राखणे आणि किनार घालावयाचीच तर ती वेगळ्या प्रतीत घालणे, हीच रीत सयुक्तिक ठरते. अशा पूर्ण प्रतीत पूर्वी कधी न दिसलेल्या गोष्टीही पुढे येतात : फिरत्या ढोलकावरील दोन शीर्षांच्या अदलाबदलीमुळे तळाच्या काही ओळींत उमटणारा वेडावाकडा पट्टा, आणि दोन्ही बाजूंच्या अरुंद काळ्या रेघा. त्या मूळ संदेशातीलच असतात. जुन्या ग्राहींत त्या चौकटीआड जात. उलट अनेक सपाट ग्राहींतही ओव्हरस्कॅनची सवय सोय म्हणून शिल्लक राहिली आहे, व ती ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा निरनिराळ्या नावांच्या पर्यायांतून बंद करावी लागते.