डफी: दुसरा नंबर, जुना साउंड आणि दहा वर्षांची शांतता

'मर्सी' हे गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं, हे १९६५ च्या आसपासचं असणार. पण ते आलं २००८ मध्ये, आणि गायिका होती २३ वर्षांची. डफी.

जन्म १९८४ चा, वेल्समधल्या बँगरचा. बालपण नेव्हिन या समुद्रकाठच्या छोट्या गावात. २००३ मध्ये ती एस-फोर-सी या वेल्श भाषेच्या चॅनलवरच्या 'वॉवफॅक्टर' टॅलेंट शोमध्ये उतरली आणि दुसरी आली. आपल्याकडे असं झालं की लोक म्हणतात, संपला विषय! हिने मात्र पुढच्या वर्षी वेल्शमध्ये एक छोटी ईपी काढली. मग मॅनेजर जेनेट ली हिने तिची गाठ बर्नार्ड बटलरशी घालून दिली. बटलर म्हणजे 'स्वेड' बँडचा आधीचा गिटारिस्ट.

त्याने तिला जुन्या सोल गाण्यांचा भरपूर खुराक दिला. 'रॉकफेरी' अल्बम तयार व्हायला काही वर्षं गेली. नीट ऐका: मागे व्हायोलिनांचा ताफा, मोठ्या हॉलसारखा घुमणारा एको, साधे ड्रम्स आणि सगळ्यात पुढे आवाज. मूळ जादू अर्थातच डेट्रॉइट आणि मेम्फिसच्या कृष्णवर्णीय कलाकारांची. शिवाय २००६ च्या 'बॅक टू ब्लॅक'मुळे एमी वाइनहाउसने ही वाट आधीच मोकळी केली होती. त्यामुळे तुलना झालीच, 'कॉपी' म्हणणारेही भेटले.

तरी 'रॉकफेरी' २००८ चा ब्रिटनमधला सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. २००९ मध्ये ग्रॅमी आणि तीन ब्रिट अवॉर्ड्स मिळाले. २०१० चा 'एंडलेसली' मात्र तेवढा चालला नाही आणि त्यानंतर ती जवळजवळ दिसेनाशीच झाली. सगळ्यांनी ठरवून टाकलं: रेट्रोची फॅशन गेली, ही पण गेली.

फेब्रुवारी २०२० मध्ये तिने स्वतः इन्स्टाग्रामवर लिहिलं: तिला गुंगीचं औषध देऊन कित्येक दिवस डांबून ठेवलं होतं, तिच्यावर बलात्कार झाला होता, आणि सावरायला खूप वेळ लागला. म्हणजे लोक चार्ट बघून तिच्या शांततेचा अर्थ लावत होते, आणि खरं कारण चार्टमध्ये नव्हतंच.

तर आज हेडफोन लावून 'रॉकफेरी' पूर्ण ऐका. आणि कुणाच्या व्हिडिओखाली 'ही कुठे गायब झाली? वन हिट वंडर!' असं टाइप करायला बोट गेलंच, तर दोन सेकंद थांबा. भेटू पुढच्या भागात!