चोपन्न प्लगांची वाट

सगळ्यात आधी जाणवते ती डोळ्यांतली चुरचुर. कुणी शेजारी बसून कांदा चिरतंय असं वाटतं. तुम्ही डोळे चोळता आणि उत्तरेला बघता. तिथे सॅन गॅब्रिएलचे डोंगर असायला हवेत, आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. ते तिथेच आहेत, पण दिसत नाहीत. त्यांच्या जागी नुसता पिवळट, मळकट पडदा आहे. सोमवार, 26 ऑगस्ट 1968. गाव पासाडेना, लॉस एंजेलिसला अगदी लागून. तुम्ही कॅलटेक या तंत्रशिक्षण संस्थेच्या आवारात उभे आहात आणि आज तुम्हाला इथून विजेच्या गाडीनं निघायचं आहे. मुक्काम अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, एमआयटीच्या दारात. अंतर सुमारे 5,300 किलोमीटर. श्रीनगर ते कन्याकुमारी हा महामार्ग पुरा करून वर आणखी दीड हजार किलोमीटर जायचं, असा हिशेब धरा.

गाडी समोरच आहे. 1958 सालची फोक्सवॅगनची मायक्रोबस, वॉली रिपेल नावाच्या इथल्या विद्यार्थ्याची. त्यानं तिचं पेट्रोलचं इंजिन काढून टाकलं, विजेची मोटर बसवली आणि एमआयटीच्या पोरांना आव्हान दिलं: तुम्ही तुमची विजेची गाडी घेऊन इकडे या, आम्ही आमची घेऊन तिकडे येतो, बघू कोण आधी पोचतं. त्यांनी ते स्वीकारलं. आज ते केंब्रिजहून निघतील आणि तुम्ही इथून, दोघंही एकाच क्षणी. त्यांच्याकडे भर दुपार असेल, तुमच्याकडे अजून सकाळ.

तुमचा मित्र बसच्या मागच्या भागात गुडघ्यांवर बसलाय. ज्याच्याबरोबर अख्खा उन्हाळा केबलची टोकं कातरण्यात गेला, एकाच डब्यातलं सँडविच अर्धंअर्धं करून ज्याच्याबरोबर खाल्लं, तोच हा. त्याच्या पँटवर मांडीपाशी दोन भोकं पडलीत, ॲसिडचे थेंब उडून. हातात काचेची नळी आणि तिला रबराचा फुगा. बॅटरीवाल्याच्या दुकानात आपल्याकडे ग्रॅव्हिटी बघतात ना, तेच तो करतोय. फुगा दाबतो, सोडतो, नळीत ॲसिड चढतं, आतला छोटा काचेचा तरंगणारा काटा वर येतो. "बाराशे ऐंशी," तो म्हणतो. म्हणजे सेल पूर्ण भरलेला. तुम्ही वहीत आकडा लिहिता. पुढचा सेल. पुन्हा बाराशे ऐंशी. पुढचा बाराशे सत्तर. तो थांबतो, तोंड वाकडं करतो, टोपण लावतो. या शिसाच्या बॅटऱ्या आहेत, काहीशे डॉलरच्या, वजनानं प्रचंड. पलीकडे एमआयटीच्या कॉर्व्हेअर गाडीत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या आहेत, किंमत वीस हजार डॉलर.

तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे, जी त्याला ठाऊक नाही. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. वाटेत काय होणार ते तुम्हाला माहीत आहे. ते तूर्त मनातच ठेवा.

इथली पोरं हा खटाटोप का करतायत, हे समजायला वर बघणं पुरेसं आहे. याच कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. तो अभ्यास बाजूला ठेवून त्यांनी या धुरक्याचा माग काढला आणि 1950 च्या आगेमागे दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कडक उन्हात एकमेकांवर क्रिया करतात, त्यातून ओझोन आणि डोळ्यांना झोंबणारी इतर द्रव्यं तयार होतात. म्हणजे दोष कारखान्यांच्या धुरांड्यांचाच नव्हे, घरोघरी दारात उभ्या असलेल्या मोटारीचाही. मोटारीवर जीव टाकणाऱ्या शहराला हे पचायला वर्षं लागली. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. जे सिद्ध झालं ते त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि त्याचा पाठपुरावा सोडला नाही. रोज या हवेत श्वास घेणारा विद्यार्थी विजेच्या गाडीकडे वळला, यात नवल ते काय?

पण आजच्या दिवसाची खरी करामत गाडीत नाही. ती रस्त्यावर आहे.

मित्र नकाशा बसच्या बॉनेटवर पसरायला जातो, मग हसतो, या बसला बॉनेटच नाही. तुम्ही दोघं तो जमिनीवर पसरता. पासाडेनापासून केंब्रिजपर्यंत पेन्सिलीच्या खुणा आहेत. मोजा. चोपन्न. दर शंभरेक किलोमीटरला एक. प्रत्येक खुणेवर विजेची जोडणी मिळवून ठेवलेली आहे, या शर्यतीसाठी. 1968 साली अमेरिकेत पेट्रोल गॅलनला 34 सेंटच्या आसपास मिळतं आणि पंप गल्लोगल्ली आहेत. विजेच्या गाडीला मात्र देश ओलांडायचा तर आधी वाट तयार करावी लागते, एकेक प्लग करून. बॅटरी कुणाची भारी, मोटर कुणाची दणकट, यावर पुढे पानंच्या पानं लिहिली जातील. माझ्या मते या शर्यतीतला सर्वांत मोठा पराक्रम म्हणजे त्या चोपन्न खुणा.

निघायची वेळ झाली. रेडिओवर शिकागोच्या बातम्या आहेत, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन आजच सुरू होतंय. जूनमध्ये याच लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट केनेडींना गोळ्या घातल्या गेल्या. पाच-सहा दिवसांपूर्वी रशियन रणगाडे प्रागमध्ये घुसले. जग पेटलंय आणि तुम्ही दोघं एका जुन्या बसमध्ये बसून काटा हलायची वाट बघताय. मित्र स्टिअरिंगवर, तुम्ही शेजारी, मांडीवर वही.

इशारा होतो. मित्र पेडल दाबतो.

आवाज होत नाही. म्हणजे होतो, पण फोक्सवॅगनचा तो ओळखीचा फटफटाट नाही. खालून एक बारीक गुणगुण उठते आणि बस सरकते. विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा दचकून उजवीकडे जातो, हळूहळू मागे येतो. लोक टाळ्या वाजवतायत, त्या स्पष्ट ऐकू येतात. मित्र तुमच्याकडे एकदा बघतो. बोलत काही नाही. उन्हाळाभराची मेहनत त्या नजरेत आहे.

पहिला तास सपाटीचा, वस्तीचा. मग सॅन बर्नार्डिनो मागे पडतं आणि रस्ता कहॉन खिंडीकडे वळतो. चढण, माथा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. बोरघाट चढताना विजेच्या गाडीच्या पडद्यावर टक्के कसे भराभर गळतात ते ज्यानं पाहिलंय, त्याला या क्षणी पोटात काय होतं ते कळेल. इथे तर टक्केही नाहीत. फक्त काटा. तो उजवीकडे जाऊन चिकटलाय. मागच्या बॅटऱ्यांचं ओझं बसला खाली ओढतंय. पेट्रोलच्या गाड्या हॉर्न देत बाजूनं निघून जातात. तुम्ही मित्राला म्हणता, "जरा सबुरीनं." तो पाय हलका करतो, काटा थोडा मागे येतो, बस आणखी मंदावते. दर दोन मिनिटांनी तुम्ही आकडा वाचता, तो मान हलवतो. अशा प्रवासात शेजारी बसणाऱ्याला डुलकी काढता येत नाही. एकाचे डोळे रस्त्यावर आणि दुसऱ्याचे काट्यावर. म्हणूनच विजेच्या गाडीनं लांब जायचं तर कुणाबरोबर जायचं, हे मी गाडी कुठली याच्या आधी ठरवतो.

खिंडीच्या माथ्यावर वारा लागतो, कोरडा, गरम. आणि अचानक डोळ्यांची चुरचुर थांबते. मागे वळून बघा. ज्या पडद्याच्या आत तुम्ही सकाळी उभे होतात, तो आता खाली खोऱ्यात साचलेला दिसतोय, चहावर धरलेल्या सायीसारखा. पुढे मोहावी वाळवंट, निळंशार आकाश.

चार्जिंगच्या थांब्यावर मित्र जाड केबल ओढून आणतो. बसची सगळी दारं सताड उघडायची, कारण शिसाच्या बॅटरीत वीज भरताना हायड्रोजन सुटतो आणि एक ठिणगी पुरते. तुम्ही डिस्टिल्ड वॉटरचा कॅन काढता. मित्र पुन्हा ती काचेची नळी घेऊन गुडघ्यांवर बसतो. आता सावलीत बसून राहायचं. पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागली असती, इथे त्याच्या कितीतरी पट वेळ. या वेळेचा लोकांना कंटाळा येतो, मला कधीच आला नाही. सकाळपासून जे बोलायचं राहिलं होतं ते तो इथे बोलतो: घरचं, शिक्षणाचं, व्हिएतनामला बोलावणं आलं तर काय करायचं त्याचं.

आणि इथेच तुम्हाला सांगावंसं वाटतं. पुढे ॲरिझोनात मोटर जळणार आहे. नवी येईपर्यंत जवळजवळ एक दिवस तुम्ही एका छोट्या गावात अडकून पडणार आहात. एमआयटीची गाडी तुमच्या दीड दिवस आधी पासाडेनाला पोचणार आहे. हे ऐकून तो केबल काढेल का? तुम्ही त्याच्याकडे बघता. तो नळीतला काटा डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचतोय, कपाळाला आठ्या. तुम्ही काही बोलत नाही. वही उघडता.

"बाराशे पन्नास," तो म्हणतो. "अजून थोडं थांबू."

4 सप्टेंबरला मायक्रोबस केंब्रिजला पोचली. एमआयटीची गाडी आधी पोचली होती खरी, पण शेवटच्या टप्प्यात तिला ओढून न्यावं लागलं होतं, त्याचा दंड तिच्या वेळेत धरला गेला. सगळी गोळाबेरीज झाल्यावर कॅलटेकची बस अर्ध्या तासानं जिंकली. वॉली रिपेलनं पुढचं आयुष्य याच कामाला दिलं. जनरल मोटर्सची जी विजेची गाडी 1990 मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात आली, त्या इम्पॅक्टवर काम करणाऱ्यांमध्ये तो होता.