नकाशाबाहेरच्या वाड्या

नवी मुंबईत दवाखान्यांची टंचाई आहे असं कोणी म्हणणार नाही. वाशीला महापालिकेचं रुग्णालय, नेरूळ आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी इस्पितळं, खारघरला टाटा स्मारकाचं कर्करोग संशोधन केंद्र. त्याच खारघरच्या डोंगरावर फणसवाडी-चाफेवाडीसारखे आदिवासी पाडे आहेत आणि पनवेल, उरण, कर्जतच्या गावांच्या कडेला कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. रक्तक्षय, कमी वजनाची बाळं, अर्धवट सुटलेले क्षयाचे उपचार ही तिथली जुनी दुखणी. आदिवासींच्या अनारोग्याचं कारण अंतरात शोधायची आपल्याला सवय आहे. मेळघाट, गडचिरोली म्हटलं की ते पटतंही. इथे अंतर फार थोडं. इथलं कारण महसुली दप्तरात सापडतं. सरकारने आदिवासींना हक्क दिले ते मुलखाच्या हिशेबाने आणि नव्या शहराने भरपाई दिली ती सातबाऱ्याच्या हिशेबाने. कातकऱ्यांकडे ना सलग मुलूख होता, ना सातबारा.

त्यांचा मूळ धंदा खैराच्या लाकडापासून काथ काढण्याचा. 1878 च्या कायद्याने जंगलावर सरकारी पकड घट्ट झाली, तसा तो धंदा गेला. मग कोळसा पाडणं, लाकूडफाटा, खोतासावकाराची मजुरी असं करत हा समाज गावोगावी विखुरला: प्रत्येक गावाच्या कडेला थोडी घरं, तीही बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर. 25 सप्टेंबर 1930 रोजी उरणजवळ चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्यात पडलेल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. पुढे 1936 मध्ये मुंबई प्रांतातले ‘अंशतः वगळलेले’ आदिवासी प्रदेश ठरले. ठाण्यातले डहाणू, मोखाड्यासारखे दाट आदिवासी वस्तीचे भाग त्यात आले, कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा, आला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या अनुसूचित क्षेत्राची आखणीही दाट वस्ती पाहूनच झाली. 1985 च्या आदेशातही रायगड नाही. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यातली साडेअकरा टक्के माणसं अनुसूचित जमातींची होती, पण ती एका जागी नव्हती.

यात बिघडलं काय? पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, योजना येतात, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरताच. त्या क्षेत्रात परिचारिका, आरोग्य कर्मचारी अशा पदांवर स्थानिक आदिवासींनाच घ्यावं, ही राज्यपालांची 2014 ची अधिसूचनाही तेवढ्यापुरतीच होती. ग्रामसभांना थेट मिळणारा पाच टक्के निधीही तसाच. म्हणजे मोखाड्याच्या पाड्याला जी दाद मागता येते, ती पनवेलच्या वाडीला येत नाही.

दुसरा नकाशा सिडकोचा. 1970 मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने 95 गावांच्या जमिनीवर शहर बसवलं. आगरी-कोळी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, जानेवारी 1984 मध्ये पाच जणांनी प्राण दिले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली. तो हक्क न्याय्यच होता. पण तो खातेदाराचा हक्क होता. त्याच शेतात राबणारा, त्याच खाडीत खेकडे-मासे धरणारा कातकरी कुणाच्या हिशेबी प्रकल्पग्रस्त ठरला नाही. वाडीची जमीन दुसऱ्याच्या नावावर असली, की ना घरपट्टीची पावती निघते ना सहजी नळजोडणी. रस्ता काढायचा तर जमीनमालकाची संमती लागते. मोफत शस्त्रक्रियेची योजना आहे, पण तिच्यासाठी शिधापत्रिका नाहीतर अधिवासाचा दाखला हवा. शिवाय विमा शस्त्रक्रियेचा असतो. उपाशीपणाची शस्त्रक्रिया होत नाही.

आक्षेप असाही असतो, की ही माणसं डॉक्टरकडे येतच नाहीत, भगताकडे जातात. याच जिल्ह्यातला एक दाखला त्याविरुद्ध आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशावर डॉक्टरकडेही धड औषध नव्हतं. भगताकडे जाणारा आणि दवाखान्यात जाणारा सारखेच मरत होते. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरात आणली, शंभरातले तीस-चाळीस मृत्यू एकदोनांवर आले, आणि विंचू चावलेला माणूस दवाखान्याची वाट धरू लागला. गुण येतो तिथे माणसं जातात. त्याला फार प्रबोधन लागत नाही.

स्थलांतराचा आक्षेप जास्त वजनदार आहे. वाडीतली गरोदर बाई पावसाळ्यात उपकेंद्रात नाव घालते, माता-बाल संरक्षण कार्डावर पहिलं वजन आणि पहिलं इंजेक्शन चढतं. दिवाळीनंतर कुटुंब घेतलेली उचल फेडायला वीटभट्टीवर जातं. तिथे रचलेल्या विटांचं खोपटं, वर प्लॅस्टिक. पहाटेपासून माती कालवायची, साचा भरायचा, ओल्या विटा उलथायच्या. कार्डावरचे पुढचे रकाने कोरेच राहतात. आता फिरत्या माणसामागे सरकारने किती फिरायचं, असं विचारतात. पल्स पोलिओच्या वेळी सरकार फिरलं होतं: भट्ट्यांवर, बांधकामांवर, स्टेशनांवर. 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरला तो त्यामुळेच. पोलिओ एका वाडीतून सगळ्या शहरात पसरू शकतो. रक्तक्षय पसरत नाही, हाच काय तो फरक, असं मला वाटतं. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेने मात्र मुलूख सोडून जमात मोजली. कातकरी त्यात आहेत, फिरते दवाखानेही आहेत. गाडीला वाडीपर्यंत रस्ता लागतो, आणि तिथे पुन्हा जमिनीचा प्रश्न येतो.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी ठाकरांची, वर जायला पायवाट तेवढी. मदतीला निघालेल्या नवी मुंबईच्या एका अग्निशमन अधिकाऱ्याचा ती चढण चढतानाच हृदयविकाराने मृत्यू झाला. तीच वाट वाडीतल्या प्रत्येक अडलेल्या बाळंतिणीला झोळीतून उतरावी लागत होती. मुंबईपासून एवढ्या जवळ अशी वाडी आहे, हे बहुतेकांना त्या रात्री कळलं. वाचलेल्यांसाठी पुढे चौकजवळ घरं बांधली ती सिडकोनेच, आणि तेव्हा कुणाला सातबारा मागितला नाही. रायगडातल्या बऱ्याच वाड्यांखालची जमीन अजून दुसऱ्याच्या नावावर आहे. गावठाण जाहीर करून ती रहिवाशांच्या नावे करायला दरड कोसळायची गरज नाही; तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत आहे.