शेवया, शिंपले आणि दोघांचे जेवण

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती द्यावयाची म्हणजे साहित्य, प्रमाण आणि कृती असे तीन मथळे घालावयाचे, ही आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. ती सोयीची आहे यात शंका नाही. परंतु एखादा पदार्थ कोठे जन्मला, कोणकोणत्या चुलींवर शिजला आणि त्याला कोणाकोणाचे हात लागले, हे त्या तीन मथळ्यांत मावत नाही. म्हणून यंदा कृतीच्या आधी एका साध्या पदार्थाची कुळकथा भगिनींपुढे मांडण्याचे योजिले आहे.

पदार्थ इटलीतील नेपल्स शहराचा. गव्हाच्या लांब शेवया, समुद्रातील शिंपले, लसूण आणि तेल, एवढाच त्याचा संसार. तिकडे त्याला ‘स्पॅगेटी आल्ले व्होंगोले’ म्हणतात. व्होंगोले म्हणजे आपल्या कोकणातील तिसऱ्यांची चुलत भावंडे. आपल्या मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत हा पदार्थ थाटाने येतो आणि थाटाची किंमत घेऊन जातो. त्यामुळे तो श्रीमंतांच्या टेबलावर जन्मला असावा अशी समजूत होणे साहजिक आहे. वस्तुतः तो जन्मला गरिबांच्या घरी, आणि अर्ध्या तासात दोन माणसांचे पोट भरावे एवढीच त्याची मूळ महत्त्वाकांक्षा होती.

प्रथम शेवयांविषयी. मार्को पोलो चीनहून परतताना ही विद्या घेऊन आला, अशी गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो. तिचा फैलाव फार जुना नाही. अमेरिकेतील मॅकॅरोनी उत्पादकांच्या एका मासिकाने १९२९ साली ती रंगवून छापली आणि ती जगभर झाली. मार्को पोलो व्हेनिसला परतला तो १२९५ साली. त्याच्या सोळा वर्षे आधी, म्हणजे १२७९ साली, जिनोव्हा येथील एका लेखनिकाने पोन्झिओ बास्तोने नावाच्या शिपायाच्या मालमत्तेची यादी केली, तीत मॅकॅरोनीने भरलेल्या एका पेटीची नोंद आहे. कोरड्या शेवयांची पेटी मालमत्तेत धरली जात होती, यावरून तिचे मोल ध्यानी यावे. त्याहूनही जुना पुरावा अल् इद्रिसी या अरब भूगोलकाराचा. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी त्याने ११५४ साली पुरा केलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावाचे वर्णन आहे. तेथे ‘इत्रिय्या’ नावाच्या शेवया मुबलक बनत आणि जहाजांत भरून मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत रवाना होत. वाळवलेली शेवई टिकते, आणि जी टिकते ती प्रवास करते. वर्षाचे वाळवण घालणाऱ्या आपल्या भगिनींना हे निराळे सांगावयास नको.

या शेवयांना लागतो तो कठीण, कणीदार गहू. त्याला ड्युरम म्हणतात. आपल्या दख्खनमध्ये ज्या बन्सी गव्हाचा रवा काढून आजी शेवया वळीत असे, तो याच जातीचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ हा जो गव्हाचा वाण तयार केला, तोही ड्युरमच. तेव्हा पास्ता हे नाव परके असले तरी त्याचे पीठ आपल्या ओळखीचे आहे. पीठ मळणे, ताणणे, वळणे आणि वाळविणे या सर्व खटाटोपात वाळविण्याची पायरी सर्वांत नाजूक. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावाचे नाव झाले ते तिच्याच जोरावर. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि दोहोंकडून येणारा वारा. तेथे ओल्या शेवया काठ्यांवर टाकून आधी वरवर सुकवीत, मग थंड तळघरात विसावा देत, म्हणजे आतला ओलावा हळूहळू बाहेर येई, आणि नंतर सावकाश पुरत्या वाळवीत. घाई केली की शेवई तडकते. आपल्याकडेही गच्चीवर बांधलेल्या दोरीखाली बसून जिने ऊन आणि वारा यांचा हिशेब ठेवला असेल, तिला ग्रान्यानोचे गुपित ताबडतोब कळेल. यंत्राने वाळविण्याची सोय झाल्यावर ग्रान्यानोची मक्तेदारी ओसरली. तरी २०१३ साली युरोपीय संघाने त्या गावाच्या नावाला भौगोलिक निर्देशाचे संरक्षण दिले.

गंमत अशी की, नेपल्सचे लोक प्रारंभी शेवया खाणारे म्हणून प्रसिद्ध नव्हतेच. त्यांना ‘पाला खाणारे’ असे चिडविले जाई, कारण कोबी आणि हिरव्या भाज्या हेच त्यांचे मुख्य अन्न होते. सतराव्या शतकात स्पॅनिश अमलाखाली शहराची वस्ती बेसुमार वाढली, मांस व भाजीपाला महागला, आणि त्याच सुमारास मळणीची व दाबाची यंत्रे येऊन शेवया स्वस्त झाल्या. मग तेच लोक ‘मॅकॅरोनी खाणारे’ झाले. १७८७ साली जर्मन कवी गटे तेथे गेला, तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर कढया उकळत होत्या आणि किसलेले चीज भुरभुरवून शेवया विकल्या जात होत्या. लोक त्या हातानेच उचलून तोंडात सोडीत. काटा-चमच्याचा बडेजाव पुढचा.

टोमॅटोही उशिराच आला. अमेरिका खंडातून निघालेले हे फळ युरोपात कितीतरी काळ संशयाने पाहिले गेले. नेपल्समध्ये १६९२ ते १६९४ या काळात प्रसिद्ध झालेल्या अंतोनियो लातिनी याच्या ग्रंथात टोमॅटोची चटणी आहे, तिला नाव ‘स्पॅनिश पद्धतीची’ असे आहे, पण ती शेवयांसाठी नव्हती. टोमॅटोत घोळलेल्या शेवया इप्पोलितो काव्हालकान्ती या सरदाराने आपल्या पाकग्रंथाला १८३९ साली जोडलेल्या नेपल्सच्या बोलीतील घरगुती स्वयंपाकाच्या पुरवणीत आढळतात. ग्रंथ सरदाराचा, पण बोली आणि कृती कोणाच्या स्वयंपाकघरातून आल्या असतील, याचा विचार वाचकांनीच करावा. आपल्याकडे मिरची, बटाटा व टोमॅटो हे त्याच अमेरिकेहून आले. तेव्हा ‘आमचे परंपरागत’ म्हणताना तेथेही आणि येथेही जरा बेताने बोलावे हे बरे.

आता शिंपले. रोमन कॅथलिक पंथात शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत मांस वर्ज्य, मासे मात्र चालत. त्यामुळे उपवासाच्या दिवशी मासळी आणि शेवया यांची गाठ पडणे ओघानेच आले. आपल्याकडे श्रावण लागला की मासळी घराबाहेर जाते, आणि तिकडे उपवास लागला की मासळी घरात येते. धर्माचे नियम निराळे, पण दोन्हीकडे ते सांभाळून चविष्ट काय करावे ही काळजी घरच्या बाईचीच. नाताळच्या आदल्या रात्री नेपल्समध्ये आजही शिंपल्यांच्या शेवयांचा मान असतो. ज्या घरी शिंपले घेण्यास पैसे नसत, तेथे लसूण, टोमॅटो आणि ओव्याच्या कुळातील पार्सलीची पाने घालून तशाच शेवया करीत आणि त्यांना ‘पळून गेलेल्या शिंपल्यांच्या शेवया’ म्हणत. दारिद्र्य हसून साजरे करण्याची ही रीत आपल्या वाड्यांना आणि चाळींना अपरिचित नाही. सिसिलीतही चीज परवडत नसे तेथे शिळ्या पावाचा चुरा तेलावर खरपूस भाजून शेवयांवर पेरीत.

इतिहासाने या पदार्थाच्या बाबतीत नावे लिहून ठेवली ती राजांची, सरदारांची आणि प्रवाशांची. एक अपवाद सांगण्याजोगा आहे. पेल्लेग्रिनो आर्तुसी हा फ्लॉरेन्समधील रेशमाचा निवृत्त व्यापारी. त्याने १८९१ साली पदरचे पैसे खर्चून स्वयंपाकावर एक पुस्तक छापले. त्यात ४७५ कृती होत्या. १९११ साली तो वारला तेव्हा त्या ७९० झाल्या होत्या. ही भर कोठून पडली? वाचक गृहिणी त्याला पत्रे लिहीत, आपल्या घरची रीत कळवीत, चुका दाखवीत. आलेली कृती घरी करून पाहण्याचे काम मारिएत्ता साबातिनी आणि फ्रांचेस्को रुफ्फिल्ली या त्याच्या घरच्या दोघा स्वयंपाक्यांचे. शिंपल्यांच्या शेवयाही या पुस्तकात आहेत. आर्तुसीने एका गोड पावाला मारिएत्ताचे नाव दिले, आणि मृत्युपत्रात पुस्तकाचे हक्क या दोघांना लिहून दिले. चुलीजवळच्या श्रमाला छापील नाव आणि हक्काचा पैसा मिळाल्याची अशी उदाहरणे फार थोडी.

दुसरा प्रसंग १९३० सालचा. मारिनेत्ती नावाच्या कवीने जाहीरनामा काढला की, शेवया खाऊन इटालियन माणूस सुस्त होतो, सबब त्या बंद कराव्यात. मुसोलिनीने १९२५ पासून परदेशी गव्हाविरुद्ध मोहीम चालविली होतीच. तिलाही हे पूरकच होते. या जाहीरनाम्यावर देशभर वादंग माजले, आणि लाक्विला गावच्या स्त्रियांनी शेवयांच्या बाजूने सह्यांचे निवेदन केले. घरात काय शिजावे हे पुढाऱ्यांनी आणि कवींनी परस्पर ठरवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे. शेवया राहिल्या, जाहीरनामा आता ग्रंथालयात आहे.

शिंपल्यांचा इतिहास मात्र काळजीचाही आहे. १९७३ साली नेपल्समध्ये पटकीची साथ आली, संशय शिंपल्यांवर गेला, आणि उपसागरातील त्यांची पैदास उखडून टाकण्यात आली. घाण पाण्यातले शिंपले घाणच गाळून पोटात ठेवतात, हा धडा आपल्या खाड्यांच्या काठीही लागू आहे. १९८३ साली व्हेनिसच्या खाजणात प्रशांत महासागरातील एक जात आणून सोडली. आज इटलीत पिकणारे बहुतेक व्होंगोले याच परक्या जातीचे आहेत. आणि २०२३ साली पो नदीच्या मुखाशी अमेरिकेकडील निळ्या खेकड्यांनी त्यांचाही फडशा पाडला, कित्येक कुटुंबांची उपजीविका बुडाली. आपल्याकडे ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रियांचे पोटही अशाच पाण्यावर अवलंबून आहे. ताटातली शिंपली स्वस्त की महाग हे विचारताना तिची कंबर किती वेळ वाकली होती, हेही आठवावे.

आता कृती, दोघांपुरती. अर्धा किलो ताज्या तिसऱ्या घ्याव्या. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घालून समुद्रासारखे खारट पाणी करावे आणि तीत त्या दोन तास ठेवाव्या, म्हणजे वाळू सोडतात. उघड्या तोंडाची तिसरी टिचकी मारूनही मिटली नाही तर ती मेलेली समजून टाकावी. एकशिपी करताना आपण विळीवर कच्च्या तिसऱ्या उघडून एक शिंप काढून टाकतो. येथे मात्र त्या आपणहून उघडू द्यावयाच्या. पसरट भांड्यात चार चमचे ऑलिव्ह तेलावर लसणाच्या तीन ठेचलेल्या पाकळ्या मंद परताव्या, लाल करू नयेत. तिसऱ्या टाकून झाकण ठेवावे. चार-पाच मिनिटांत तोंडे उघडतात; ज्या तेव्हाही मिटलेल्या राहतात त्या खाऊ नयेत. सुटलेले पाणी फडक्यातून गाळून घ्यावे, सारी चव त्यातच आहे.

दुसरीकडे दोन लिटर पाणी उकळून एक मोठा चमचा मीठ घालावे आणि १८० ग्रॅम स्पॅगेटी सोडावी. पंधराव्या शतकातील मार्तिनो हा आचारी सिसिलीच्या मॅकॅरोनी दोन तास उकळावयास सांगे. आज दाताखाली किंचित कण लागेल एवढ्याच त्या शिजवितात. पाकिटावरील वेळेच्या दोन मिनिटे आधी शेवया काढून तिसऱ्यांच्या गाळलेल्या पाण्यात टाकाव्या, वाटीभर शेवयांचे पाणी घालून मोठ्या आचेवर ढवळाव्या. शेवयांचा पिठूळपणा आणि तेल एकजीव होऊन दाट रस तयार होतो. शेवटी तिसऱ्या, चिरलेली पार्सली व मिरपूड. चीज घालू नये; मासळीवर चीज नेपल्सला रुचत नाही. तिसऱ्या न मिळाल्यास कोळंबी चालेल.

एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते तीच मुख्य. हा पदार्थ थांबत नाही. पाच मिनिटे झाकून ठेवला की शेवया रस पिऊन फुगतात, चिकटतात, आणि चव जाते. इटलीत म्हणूनच अशी पद्धत की, माणसांनी शेवयांसाठी थांबावे, शेवयांनी माणसांसाठी नव्हे. आपल्या घरांत मात्र करणारी सर्वांना गरम वाढते आणि स्वतः मागाहून गार खाते. पुरुषांच्या पंगतीनंतर बायकांची पंगत हा रिवाज मोडला असे आपण सभेत म्हणतो. पण कित्येक घरी तो ओट्याशी अजून उभा आहे. या पदार्थापुढे तो टिकत नाही. दोन ताटे एकदम मांडावी लागतात आणि दोघांनी एकदम बसावे लागते.

मुले आपापल्या संसाराला लागली आणि घरात दोघेच उरली, अशी आपल्या मंडळात पुष्कळ घरे आहेत. ‘दोघांसाठी काय करायचे?’ म्हणून खिचडीवर भागविणाऱ्या भगिनींनी एखाद्या संध्याकाळी हे करून पाहावे. तिसऱ्या धुण्याचे काम यजमानांकडे द्यावे. ते अवघड नाही. आणि ताटे मांडली की पदर खोचून उभे न राहता बसून घ्यावे. आणखी काय हवे-नको ते नंतर, दोघांपैकी कोणीही उठून आणील.