मुक्त भांडारातील विषप्रयोग

विषप्रयोगाचा इतिहास हा एका परीने विश्वासाचाच इतिहास होय. शत्रूच्या हातचे अन्न कोणी खात नाही. विष येते ते ओळखीच्या हातून आणि रोजच्या ताटातून. आज आम्ही ज्या विषप्रयोगाची हकीकत सांगणार आहोत तो अन्नातला नव्हे, संगणकाच्या प्रोग्रॅममधला आहे. परंतु ज्यांनी आयुष्यात प्रोग्रॅमची एक ओळही लिहिलेली नाही, अशांच्या पैशापर्यंत आणि गुपितांपर्यंत तो पोहोचू शकतो. म्हणून हा विषय केवळ इंजिनियरांचा आहे असे श्रोत्यांनी मानू नये.

प्रथम भांडाराची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. आजचा प्रोग्रॅमर सारे काम स्वतः लिहीत नाही. तारखांचा हिशेब, मजकुराची जुळणी, गुप्तलेखन असली कामे कोणीतरी पूर्वीच करून, त्यांची पॅकेजे बांधून सार्वजनिक भांडारात ठेवलेली असतात. पर्ल भाषेचे सीपॅन हे भांडार १९९५ साली उघडले, पायथनचे पायपीआय २००३ साली आणि जावास्क्रिप्टचे एनपीएम २०१० साली. एक आज्ञा दिली की हवा तो माल फुकट घरी येतो. पुण्यामुंबईच्या कंपन्यांतील तरुणही रोज याच भांडारांतून माल उचलतात. पाणपोईसारखीच ही व्यवस्था. फरक इतकाच, की या पाणपोईवरचा रांजण कोणीही येऊन भरू शकतो. शिवाय एक पॅकेज मागविले की ते ज्यांवर अवलंबून असते तीही मागोमाग येतात, आणि कित्येक पॅकेजे तर यंत्रावर बसविली जात असतानाच आपल्या आज्ञा चालवू शकतात.

या धोक्याची जाणीव कोणास नव्हती असे नव्हे. युनिक्सचे एक जनक केन टॉम्प्सन यांचे ट्युरिंग पारितोषिकाच्या निमित्ताने दिलेले व्याख्यान १९८४ साली प्रसिद्ध झाले. मूळ लेखनाचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच कपट दडविले, तर मूळ लेखन कितीही वाचले तरी ते सापडणार नाही, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. तात्पर्य असे, की अखेरीस विश्वास ठेवावयाचा तो लेखनावर नव्हे, लिहिणाऱ्या माणसावर. हा इशारा पुष्कळांनी वाचला, वाखाणला आणि बाजूला ठेवला.

पहिला धक्का बसला तो मार्च २०१६ मध्ये, आणि तोही दुष्टाव्याचा नव्हता. एका नावाच्या वादावरून चिडलेल्या लेखकाने एनपीएमवरील आपली सारी पॅकेजे काढून घेतली. त्यांत लेफ्टपॅड नावाचे अवघ्या अकरा ओळींचे एक पॅकेज होते. त्या अकरा ओळी नाहीशा होताच जगभर असंख्य प्रकल्पांची बांधणी अडून बसली, आणि काही तासांत भांडाराच्या चालकांस ते परत ठेवावे लागले. त्याच वर्षी हॅम्बुर्गच्या एका विद्यार्थ्याने प्रबंधासाठी निराळा प्रयोग केला. प्रसिद्ध पॅकेजांच्या नावांत किंचित फेरफार करून त्याने दोनशेंवर निरुपद्रवी पॅकेजे तीन भांडारांत ठेवली. टंकलेखनाच्या चुकीमुळे ती सतरा हजारांहून अधिक यंत्रांवर जाऊन चालली! परीक्षार्थ्याने दाखविलेली वाट चोरांनीही धरली. २०१७ साली ‘क्रॉस-एन्व्ह’ या पॅकेजाच्या नावातील केवळ आडवी रेघ गाळून एक नकली पॅकेज एनपीएमवर आले. ते यंत्रावरील गुप्त किल्ल्या चोरीत होते.

येथवर नावाची नक्कल होती. २०१८ साली खुद्द नावच हाती घेतले गेले. इव्हेंट-स्ट्रीम हे पॅकेज आठवड्याला सुमारे वीस लाख वेळा उतरविले जाई. त्याच्या मूळ लेखकाला त्यापासून ना पैसा मिळत होता ना त्याचा उपयोग उरला होता. एका अनोळखी माणसाने मदत देऊ केली, तेव्हा त्याने विश्वासाने कारभार सोपविला. नव्या कारभाऱ्याने एका दुय्यम पॅकेजातून विष कालविले. ते कोपे नावाच्या बिटकॉइनच्या पाकिटातच जागे व्हावे आणि धनिकांच्या किल्ल्या पळवाव्यात, अशी त्याची योजना होती.

याहून धीराचे कारस्थान २०२४ साली उघडकीस आले. एक्सझेड हे लिनक्समधील दाबसाठवणीचे साधन एक मनुष्य फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळीत होता. ‘जिया टॅन’ या नावाच्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून त्याचा विश्वास मिळविला आणि मग त्यात चोरदार बसविले. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियराला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला. त्याने तो किरकोळ म्हणून सोडला नाही, आणि २९ मार्च रोजी कपट जाहीर झाले. लिनक्सचे वितरक तर माल पारखून घेणारे. तरीही त्यांच्या काही चाचणी-आवृत्त्यांत ते शिरले होतेच.

मध्यंतरी भांडारांनी कुलपे वाढविली. लोकप्रिय पॅकेजांच्या सांभाळकर्त्यांवर एनपीएमने २०२२ पासून दुहेरी ओळखीची सक्ती आणली. २०२४ च्या आरंभापासून पायपीआयनेही ती सर्वांस लागू केली. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये एका सांभाळकर्त्याला भांडाराच्याच नावाने पत्र आले, की आपली दुहेरी ओळख नवी करून घ्या. तो फसला आणि दोन्ही कुलपे एकदम उघडली. आठवड्याला दोन अब्जांहून अधिक वेळा उतरविल्या जाणाऱ्या अठरा पॅकेजांत विष गेले. त्याच महिन्यात चोरलेल्या किल्ल्यांच्या साहाय्याने आपण होऊन पसरणारा एक किडा पाचशेंहून अधिक पॅकेजांत शिरला.

या हकीकतींत एक गोष्ट समान दिसते. कुलूप फोडून कोणी आत आला नाही. दर वेळी दार आतून उघडले गेले, कधी घाईने, कधी थकव्याने, कधी भोळेपणाने. मग भांडारेच बंद करावीत काय? आमचे मत तसे नाही. अनोळखी माणसाने केलेले काम स्वीकारण्याच्या औदार्यातूनच हे सारे वैभव उभे राहिले आहे. नवी आवृत्ती निघताच न घेता काही दिवस थांबावे, घेतलेल्या आवृत्त्या पक्क्या नोंदवून ठेवाव्यात, बसविताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांस मज्जाव करावा, या दक्षता अवश्य घ्याव्यात. परंतु ज्या एकट्या माणसाच्या फावल्या वेळावर मोठमोठ्या कंपन्यांचा कारभार उभा आहे, त्याला वेतन, सोबती आणि विश्रांती मिळाल्यावाचून या दक्षता पुऱ्या पडणार नाहीत. ज्या रांजणातून आपण सारे रोज पाणी पितो, तो भरणाऱ्याची विचारपूस करणे हा उपकार नव्हे; पिणाऱ्यांचे ते कर्तव्यच आहे.