न्यायाधीशाचा लेखनिक

एखाद्या गाजलेल्या निवाड्याची कथा सांगतांना न्यायाधीशाचें व वकिलांचें नांव घेतलें जातें. परंतु ज्याच्या लेखणींतून ते सारें प्रकरण कागदावर उतरलें, त्या लेखनिकाची आठवण सहसा कोणास होत नाहीं. आज त्यास स्वीय साहाय्यक म्हणतात. त्याच्या कामाचें मोल जाणावयाचें असेल, तर महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याकडे पाहावें.

तें तळें अस्पृश्यांस खुलें असल्याचा ठराव महाड नगरपालिकेनें १९२४ च्या जानेवारींत केला होता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनीं तेथें पाणी प्राशन केलें. पुढें डिसेंबरांत सत्याग्रह ठरला, तोंच स्पृश्यांपैकीं कांहींनीं महाडच्या दिवाणी न्यायालयांत ४०५ क्रमांकाचा दावा लावला, आणि १४ डिसेंबर रोजीं तात्पुरता मनाईहुकूम निघाला. त्या हुकुमाचा मान राखून, हजारों माणसें जमलीं असतांही सत्याग्रह तहकूब झाला. न्यायालयाच्या एका कागदाचें सामर्थ्य किती, हें त्या दिवशीं महाडानें पाहिलें.

तालुक्याच्या न्यायालयांत त्या काळीं लिखापढीचें काम शिरस्तेदार व कारकून यांच्याकडे असे. दावा दाखल करून घेणें, रोजनामा लिहिणें, दस्तऐवजांवर निशाणी घालणें, हुकुमांच्या नकला करणें, हा त्यांचा नित्याचा उद्योग. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणें अपीलपात्र दाव्यांतील जबानी एक तर न्यायाधीशानें स्वतः लिहावी, नाहीं तर त्याच्या समक्ष व देखरेखीखालीं लिहिली जावी, असा नियम होता. लिहिलेली जबानी साक्षीदारास वाचून दाखवीत आणि मग न्यायाधीश तिच्यावर सही करी.

हें काम वरवर यांत्रिक दिसतें. तें तसें नाहीं. पोलादपूरकडील एखादा वृद्ध खेडूत आपल्या बोलींत सांगतो, "आज्याच्या वेळेपासून असंच चाललंय." लेखनिकानें त्याचें "पूर्वापार चालत आहे" असें केलें, तर वाक्य शुद्ध होईल; पण साक्ष बदलेल. आजोबांचा काळ मोजतां येतो, पूर्वापारास मोजमाप नाहीं. चवदार तळ्याच्या दाव्यांत तर शेवटीं हाच प्रश्न निर्णायक ठरला. अस्पृश्यांस पाणी न भरूं देण्याची वहिवाट कायद्याच्या अर्थानें अनादि कालापासूनची आहे काय?

महाडच्या न्यायालयानें ८ जून १९३१ रोजीं दावा फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयानें ३० जानेवारी १९३३ रोजीं तोच निकाल कायम केला. मग प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेलें. दुसऱ्या अपिलांत साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहींत. खालून आलेलें दप्तर तेवढें समोर असतें. १९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींवरील खटला चालविणारे न्यायमूर्ति ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ति वाडिया यांनीं तें वाचून, अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाहीं, असा निर्णय १७ मार्च १९३७ रोजीं दिला. महाडांत उच्चारलेला शब्द कांहीं वर्षांनीं मुंबईस पोंचला, तो केवळ लेखनाच्या आधारानें.

या पेशांत दुसरा गुण लागतो तो मौनाचा. निकाल उघड न्यायालयांत वाचला जाण्यापूर्वीं तो लेखनिकास ठाऊक असूं शकतो. ज्याच्या शेजाऱ्याची जमीन वा भावकीची विहीर त्या निकालावर अवलंबून आहे, त्यानें लहानशा गांवांत राहून, बाजारांत रोज त्याच माणसांस भेटून, चेहऱ्यावर कांहीं दिसूं न देणें ही सोपी गोष्ट नव्हे. आणि निकालावर एकदां सही झाली, म्हणजे लेखनाच्या वा हिशेबाच्या चुकीपलीकडे त्यांत सहजीं फेरफार करतां येत नाहीं. म्हणून सहीपूर्वींचा प्रत्येक अंक आणि प्रत्येक नांव त्यानें ताडून पाहिलेलें असावें लागतें.

आतां बोरूच्या जागीं लघुलिपि व संगणक आले, कुलाब्याचा रायगड झाला. परंतु न्यायाधीशानें सांगितलें तेवढेंच लिहावें आणि साक्षीदार बोलला तसेंच लिहावें, हा जुना धर्म पालटलेला नाहीं. निवाडा न्यायाधीशाचा असतो. तो ज्या कागदावर उभा राहतो, त्याची राखण मात्र लेखनिकाकडे असते.