प्लेगच्या इतिहासातला रुग्ण कुठे गेला?

पुण्याच्या मंडईत इमारतीला नाव जोतिराव फुल्यांचे आहे आणि आवारात पुतळा लोकमान्य टिळकांचा आहे. ही इमारत 1886 साली 'रे मार्केट' म्हणून सुरू झाली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतिरावांनी या बाजारावरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे होते. 1924 साली इथे टिळकांचा पुतळा बसला. 1925 साली केशवराव जेध्यांनी नगरपालिकेत जोतिरावांच्या पुतळ्याची मागणी केली, ती फेटाळली गेली. मंडईला फुल्यांचे नाव मिळाले ते त्यानंतर. कोणाला आठवायचे आणि कसे आठवायचे, याचा झगडा या चौकात शंभर वर्षे चालू आहे.

हाच झगडा प्लेगच्या इतिहासातही आहे, पण तिथे तो आपल्या लक्षात येत नाही. मंडईपासून फुलेवाडा पायी काही मिनिटांवर. 1897 साली या सगळ्या पेठांमध्ये प्लेग होता. त्या वर्षाबद्दल शाळेत काय शिकवले, हे आठवून पाहा. रँड, गोरे सोजीर, घरांच्या झडत्या, चाफेकर बंधू, 22 जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर झाडलेल्या गोळ्या, 'केसरी'वरचा राजद्रोहाचा खटला. यातले काही खोटे नाही. पण या गोष्टीत एक माणूस दिसत नाही. तो म्हणजे खुद्द रुग्ण. तापाने फणफणलेला, काखेत गाठ आलेला, तहानलेला माणूस. त्याला उचलले कोणी? पाणी पाजले कोणी? त्याची घाण काढली कोणी?

आमचा मुद्दा एवढाच आहे. रुग्णाचा इतिहास औषधांच्या आणि डॉक्टरांच्या नावांनी पुरा होत नाही. भारतात तो स्पर्शाचा इतिहास आहे. कोण कोणाला हात लावतो आणि कोण लावत नाही, इथूनच तो लिहायला हवा.

रँडच्या आधीचे तीन दिवस

तारखा नीट पाहिल्या की चित्र बदलते. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि वर्ष सरता सरता पुण्यात शिरला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा आला. त्याच महिन्यात रँडची नेमणूक झाली. सैनिकांच्या झडत्या सुरू झाल्या 13 मार्चला. सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या 10 मार्चला. म्हणजे ज्या प्रसंगांपासून पुण्याच्या प्लेगची गोष्ट सांगायला सुरुवात होते, त्याच्या तीन दिवस आधी सावित्रीबाईंचे काम आणि आयुष्य दोन्ही संपले होते. साहजिकच त्या गोष्टीत त्यांना जागा उरली नाही.

त्यांचे काम काय होते? हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या जागी, त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तिथे रुग्ण आणत, त्यांची शुश्रूषा करत. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग आजारी असल्याचे कळले, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तेव्हा त्यांचे वय 66 होते. त्याच काळात त्यांना लागण झाली.

या प्रसंगाची चित्रे आपण जयंतीला लावतो. खाली 'करुणामूर्ती', 'त्यागमूर्ती' असे लिहितो. आम्हाला ते अपुरे वाटते. यशवंतराव कोण होते? काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचे 1874 साली जन्मलेले मूल. फुले दांपत्याने 1863 साली सुरू केलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात ते जन्मले आणि याच दांपत्याने त्यांना दत्तक घेतले. म्हणजे ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला आणि माळी आईबापांनी वाढवलेला डॉक्टर महाराच्या मुलावर उपचार करतो, आणि त्या मुलाला पाठीवरून आणणारी स्वतः सावित्रीबाई. शिवू नये ही आज्ञा जिथे धर्म म्हणून पाळली जात होती, तिथे हे दयेचे काम नव्हते. तो जातिव्यवस्थेला दिलेला नकार होता, तोही भाषणातून नव्हे, स्वतःच्या शरीराने दिलेला.

आणि तो एका दिवसात आला नव्हता. बालहत्या प्रतिबंधक गृहातली बाळंतपणे, 1877 च्या दुष्काळातले अन्नछत्र, 1888 साली जोतिरावांना अर्धांगवायू झाल्यावरची घरातली शुश्रूषा ही सगळी त्याची तयारी होती. जोतिरावांचा उजवा हात निकामी झाला, तरी त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहिला, हे आपण अभिमानाने सांगतो. ग्रंथ लिहिणाऱ्या त्या आजारी माणसाला रोज उठवणे, भरवणे, स्वच्छ करणे हेही कोणीतरी करत होतेच. ते मात्र आपण सांगत नाही.

शहरातल्या खाटा

त्याच महिन्यांत शहरातली व्यवस्था कशी होती? संगमाजवळ सरकारचे प्लेग रुग्णालय होते. लोकांना त्याची धास्ती होती, आणि ती विनाकारण नव्हती. पंडिता रमाबाईंनी मे 1897 मध्ये प्लेग रुग्णालयात नेलेल्या स्त्रियांच्या सुरक्षिततेबद्दल वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. गव्हर्नरने ती उडवून लावली. रुग्ण बाई असेल तर तिच्या अंगाला कोण हात लावतो, तिच्या खाटेजवळ रात्री कोण असतो, हा प्रश्न रमाबाईंनी तेव्हाच विचारून ठेवला होता.

सरकारी रुग्णालयाला पर्याय म्हणून टिळकांनी आणि इतर पुढाऱ्यांनी वेगळे हिंदू प्लेग रुग्णालय काढले. टिळक साथीत शहर सोडून गेले नाहीत, हे मान्यच करायला हवे. पण वेगळे रुग्णालय हवे होते ते कशासाठी? धर्म आणि जात सांभाळून उपचार घेता यावेत यासाठी. मुंबईतही त्या काळात जातीजमातींची वेगवेगळी प्लेग रुग्णालये निघाली. मरणाच्या दारात उभे असतानाही कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, हा प्रश्न सुटला नव्हता. सोजिरांच्या बुटांनी देवघर बाटले, हे इतिहासात लिहिले गेले. महारवाड्यातल्या रुग्णाला कोणत्या खाटेवर जागा मिळाली, हे लिहायची गरज कोणाला वाटली नाही.

सेवा आणि काम

पुढच्या काळात रुग्णाची देखभाल हा प्रतिष्ठेचा विषय होऊ लागला. 1867 साली सुरू झालेल्या ससून रुग्णालयात, पुणे सेवासदनच्या पुढाकाराने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदू स्त्रिया, विशेषतः विधवा, परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. हे धाडसाचे पाऊल होते. त्या बायकांना घरच्यांची बोलणी खावी लागली असतील, यात शंका नाही. पण याच काळात रुग्णाच्या देखभालीचे दोन तुकडे पक्के झाले. नाडी, औषध, पट्टी या भागाला 'सेवा' म्हटले गेले. मलमूत्र, रक्ताचे बोळे, फरशी आणि मृतदेह या भागाला 'काम' म्हटले गेले. सेवेला गणवेश, प्रमाणपत्र आणि मान मिळाला. काम जातीकडेच राहिले. जात कामे वाटत नाही, माणसेच वाटून टाकते, हे बाबासाहेबांनी 1936 साली दाखवून दिले. त्याचा पुरावा पाहायचा तर कोणत्याही मोठ्या रुग्णालयात वरपासून खालपर्यंतच्या हजेरीपटावरची आडनावे वाचावीत.

दवाखाना आणि तळे

बोले ठराव आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असतो. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला हा ठराव. महाड नगरपालिकेने तो 1924 साली स्वीकारला आणि 1927 साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पण त्या ठरावात केवळ पाणवठे नव्हते. शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. म्हणजे सार्वजनिक दवाखान्याच्या पायरीवरही अस्पृश्याला अडवले जात होते. तळ्याचा इतिहास आपण घडवला आणि लिहिला. दवाखान्याचा मात्र लिहायचा राहिला.

ठरावानंतरही काय घडत होते, त्याचा एक दाखला बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवला आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र डिसेंबर 1929 मध्ये 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बायको नुकतीच बाळंत होऊन आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मध्यस्थी झाली, दोन रुपये फी ठरली, आणि त्या ओल्या बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाकडे दिले, त्याने नवऱ्याकडे आणि नवऱ्याने बायकोला लावले. परत येतानाही ते याच मार्गाने आले. डॉक्टरने तिला हात न लावताच न्यूमोनिया सांगितला. पुन्हा तपासायला तो आला नाही. ती बाई गेली.

ते थर्मामीटर आणि सावित्रीबाईंची पाठ शेजारी शेजारी ठेवून पाहा. शास्त्र डॉक्टरकडे होते, साधन होते, फीसुद्धा मिळाली होती. तरी रुग्ण मेला, कारण स्पर्श नव्हता.

आपल्या परंपरेत याचे उत्तर फार जुने आहे. महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची कथा येते. तो आपल्याच घाणीत पडलेला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, त्याला स्वतः धुतले, दोघांनी उचलून खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून विचारले की तुम्ही आईबाप सोडून आलात, आता एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? आजाऱ्याची शुश्रूषा हीच माझी शुश्रूषा, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता. इथे घाण काढणे हे खालच्याचे काम नाही. ते संघातल्या सर्वोच्च माणसाने आधी केले आणि मग इतरांना सांगितले.

आज आपण काय करायचे

वस्तीतले पेशंट घेऊन आम्ही सरकारी रुग्णालयांत जातो, तेव्हा दिसते ते असे. केसपेपर निघतो, सलाईन लागते, पण स्ट्रेचर ओढायला नातेवाईकच लागतो. बेडपॅन द्यायला मावशी एक आणि पेशंट वॉर्डभर. त्या मावशी आणि ते मामा बहुतेक ठेकेदाराकडचे. हातमोजे मिळतील याची खात्री नाही, पगाराच्या तारखेचीही नाही. कोविडच्या काळात ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या त्यांत हेही होते, पण साथ ओसरल्यावर त्यांचा ठेकाच तेवढा उरला. आपली माणसे दोन्हीकडे आहेत. खाटेवरही तीच आणि खाटेखालची फरशी पुसणारीही तीच. म्हणून रुग्णहक्काची आणि सफाई कामगाराच्या हक्काची लढाई वेगवेगळी लढून चालणार नाही.

हातात कायदा आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या पाचव्या कलमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात किंवा दवाखान्यात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरवले. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने रुग्णालय, दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचा उल्लेख आला. 2021 पासून महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आपल्या भागातल्या किती रुग्णालयांत ती लागली आहे, हे प्रत्येक मंडळाने एका रविवारी फिरून तपासावे. नसेल तिथे लेखी तक्रार द्यावी. वॉर्डातल्या ठेका कामगारांना भेटून हातमोजे, बूट आणि वेळेवर पगार यांची मागणी त्यांच्या सोबतीने करावी.

आणि एक काम घरातले. आपल्या आजी, आत्या, मामा कोणत्या रुग्णालयात आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार होते, ते त्यांच्याकडून लिहून घ्या. कोणत्या साली लागले, पगार किती होता, वेगळा पेला होता का, पहिले प्रेत उचलले तेव्हा काय वाटले, सगळे विचारा. ते गेले की हा इतिहासही त्यांच्यासोबत जाईल.

10 मार्चला आपण सावित्रीबाईंना अभिवादन करतो. येत्या 10 मार्चला फोटोला हार घालून झाला की जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात जा. ज्याच्यासोबत कोणी नाही असा रुग्ण शोधा आणि त्याला पाणी लागते का विचारा.

जय भीम! जय सावित्री!